फवारणाऱ्याची परीक्षा कोण घेते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खरिपाच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कीटकनाशकांविषयी आहेत. त्यातली सहा निवडली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शेती करतो. तिथे काही औषधे विकत घ्यायला आणि मारायला त्याला परीक्षा द्यावी लागली. आपल्याकडे शेतकऱ्याला अशी परीक्षा आहे का? नसेल तर निदान तिथे काय विचारतात ते सांगा. (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : स्वतःच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याला आपल्याकडे कुठलीही परीक्षा नाही.

अमेरिकेत 1972 साली कीटकनाशकांच्या केंद्रीय कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून तिथे औषधांचे दोन वर्ग आहेत : एक कोणालाही घेता येणारा आणि दुसरा मर्यादित वापराचा. दुसऱ्या वर्गातले औषध प्रमाणपत्र असलेल्यानेच मारायचे, नाहीतर त्याच्या थेट देखरेखीखाली मारायचे. स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीवर पीक काढणारा तो 'खासगी' फवारणीकार आणि दुसऱ्याकडे पैसे घेऊन फवारणारा 'व्यावसायिक'. 2017 च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी वय किमान 18 हवे. परीक्षा लेखी असते, पुस्तक न उघडता द्यायची, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर. शेतकऱ्याला परीक्षेऐवजी मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा पर्याय राज्य देऊ शकते, व्यावसायिकाला मात्र परीक्षा चुकत नाही. प्रमाणपत्र जास्तीत जास्त 5 वर्षे चालते, मग पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा. मर्यादित वापराचे औषध मारले की 14 दिवसांच्या आत त्याची नोंद करायची आणि ती 2 वर्षे जपायची. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला तर प्रमाणपत्रही पुरत नाही, दर 3 वर्षांनी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत. 'मर्यादित वापर' हा शब्द आपल्याकडेही आहे, पण आपली मर्यादा बहुतेक वेळा पिकावर किंवा जागेवर असते, माणसावर नसते. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 मध्ये बंदी आली, डीडीटी शेतीत वापरता येत नाही. पण ज्या पिकावर एखाद्या औषधाला परवानगी आहे तिथे ते कोणी मारावे, याबद्दल नियम गप्प आहेत. माणसाची पात्रता पाहिली जाते ती तीन ठिकाणी. विक्रेत्याला कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी किंवा ठरवून दिलेला अभ्यासक्रम लागतो. धुरीकरण (बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारणे) करणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला प्रशिक्षण आणि परवाना लागतो. आणि ड्रोन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. म्हणजे बाटली विकणारा शिकलेला हवा, पण बाटली उघडून पाण्यात ओतणारा आणि दिवसभर तिच्या तुषारांत चालणारा कसाही चालेल! ही मोठी उणीव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली. त्यात अंगावर पंप घेणारे मजूर मोठ्या संख्येने होते.

अमेरिकेतल्या परीक्षेत कीटकशास्त्र थोडे असते. भर असतो तो लेबल वाचण्यावर, मात्रेच्या गणितावर, अंगावरच्या साधनांवर, वाऱ्याबरोबर तुषार भरकटण्यावर आणि विषबाधेच्या लक्षणांवर. नमुन्यादाखल एक प्रश्न पाहा : लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी आणि तोडा यांत ठेवायचे अंतर) 7 दिवस आहे आणि तोडा चौथ्या दिवशी करायचा आहे, तर काय कराल? मात्रा अर्धी करणे हे उत्तर चूक आहे. ते औषध मारायचेच नाही, कमी प्रतीक्षा काळाचे, त्या पिकासाठी नोंदणी असलेले दुसरे शोधायचे. आपल्या द्राक्ष बागायतदारांना ही शिस्त चांगली माहीत आहे. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते आणि माल जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत अवशेष तपासले जातात. तिथे माणसाची नाही तरी घडाची परीक्षा होते. गावच्या बाजारात जाणाऱ्या वांग्या-टोमॅटोची तेवढीही होत नाही.

प्रश्न : बाटलीवर मात्रा हेक्टरी लिहिलेली असते. दुकानदार म्हणतो पंपाला 30 मिली टाका, शेजारी म्हणतो दोन टोपणे. नेमके किती? पॉवर पंपाला वेगळे प्रमाण का सांगतात? (दोन वाचक, यवतमाळ आणि जालना जिल्हे)

उत्तर : 'पंपाला किती' याचे एकच उत्तर कोणालाही देता येणार नाही, कारण एकराला किती पंप लागतात हे माणसागणिक बदलते. कोणी झपाझप चालतो, कोणी झाड धुऊन काढतो. एकाचे नोझल नवे, दुसऱ्याचे पाच वर्षांचे. पीक गुडघ्याएवढे असताना जितके पाणी लागते, त्याच्या दुप्पट-तिप्पट डोक्याएवढे झाल्यावर लागते. तेव्हा आधी स्वतःचे माप काढा. अर्ध्या तासाचे काम आहे.

ज्या पिकात फवारायचे त्यातच 33 फूट बाय 33 फूट जागा दोरीने आखा. हा बरोबर एक गुंठा. टाकीत नुसते पाणी भरा आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून खूण करा. रोजच्या चालीने, रोजच्या दाबाने तेवढा तुकडा फवारा. मग टाकी सपाट जागी ठेवून खुणेपर्यंत पुन्हा पाणी भरा, पण ते मोजपात्राने मोजून. जितके लिटर लागले त्याला 40 ने गुणले की एकराचे पाणी निघते.

समजा साडेचार लिटर लागले. म्हणजे एकरी 180 लिटर. पंप 16 लिटरचा असेल तर 180 भागिले 16, म्हणजे सव्वाअकरा पंप. आता बाटलीकडे या. हेक्टरी 500 मिली लिहिले असेल तर अडीचने भागा : एकरी 200 मिली. 200 भागिले सव्वाअकरा, साधारण 18 मिली. हे तुमचे पंपाचे प्रमाण. दुकानदाराच्या तोंडी हिशेबाने 30 मिली टाकले असते तर एकरी 340 मिलीच्या आसपास गेले असते, म्हणजे पैसेही जास्त आणि विषही जास्त. उलट शेजाऱ्याचे माप एकरी सहाच पंपांचे असेल तर त्याला 33 मिली लागतील. त्याचा आकडा त्याच्यापुरता बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही.

टोपण हे माप नाही. प्रत्येक कंपनीचे टोपण वेगळे आणि ते भरताना औषध बोटांवर सांडते ते वेगळेच. 100 मिलीचे खुणा असलेले प्लास्टिकचे मोजपात्र घ्या, त्यावर रंगाने 'विष' लिहा आणि ते घरात आणू नका. भुकटी असेल तर चमच्याने अंदाज करू नका, दोन भुकट्या एकाच चमच्यात सारख्या वजनाच्या भरत नाहीत. पंपाच्या हिशेबाने पुड्या आधीच तोलून ठेवा.

आता पॉवर पंप, म्हणजे इंजिनावर चालणारा. त्याचे तुषार बारीक असतात आणि हवेच्या झोताने लांब जातात, म्हणून एकराला पाणी कमी लागते. समजा 10 लिटरच्या टाकीचे चार पंप, म्हणजे एकरी 40 लिटर. औषध तेच 200 मिली. म्हणजे पंपाला 50 मिली. एकराची मात्रा बदलली नाही, बदलला तो द्रावणाचा कडकपणा. हातपंपात लिटरला 1.1 मिली होते, इथे 5 मिली, जवळजवळ साडेचारपट. श्वासातून जाणारा किंवा मानेवर बसणारा प्रत्येक थेंब तेवढ्याच पटीने कडक आहे. कपाशी डोक्याच्या वर गेलेली असताना पॉवर पंप घेऊन आत शिरणे हे म्हणूनच सर्वांत धोक्याचे काम आहे. माहितीपत्रकात एकरी किंवा हेक्टरी किमान पाणी दिले असेल तर त्याखाली जाऊ नका. आणि हातपंपाचे मोजलेले प्रमाण पॉवर पंपाला, किंवा पॉवर पंपाचे हातपंपाला, कधीही लावू नका. पॉवर पंपाचे 50 मिली हातपंपाच्या सव्वाअकरा टाक्यांत टाकले तर एकरी साडेपाचशे मिलीच्या वर जाते.

माप बिघडवणाऱ्या आणखी दोन गोष्टी. पहिली नोझल. कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल, तणनाशकाला सपाट पट्ट्याचे. छिद्र वापराने झिजते. नवे नोझल लावल्यावर एका मिनिटात किती पाणी पडते ते भांड्यात मोजून वहीत लिहा. 600 मिली पडत असेल तर हंगामात ते 660 च्या वर गेले की नोझल बदला. तुंबले तर तार किंवा टाचणी घालू नका, छिद्र वेडेवाकडे होऊन फवाऱ्याची धार एका बाजूला पडते. तोंडाने फुंकू तर मुळीच नका. जुना दात घासायचा ब्रश आणि पाणी एवढे पुरते. दुसरी गोष्ट बॅटरी पंपाची : चार्जिंग उतरले की दाब पडतो, पण चाल तीच राहते. दुपारनंतरच्या ओळींना औषध कमी मिळते आणि अळी तिथेच राहते.

प्रश्न : मजूर हातमोजे-मास्क घालायला तयार नसतात, उकडते म्हणतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही का? (एक वाचक, अकोला जिल्हा)

उत्तर : रुमालाने भागत नाही, उलट त्रास वाढतो. रुमाल ओला झाला की औषध धरून ठेवतो आणि ओठ-नाकाला चिकटून बसतो.

शेतात फवारताना सर्वांत जास्त औषध कातडीतून शरीरात जाते, नाकातून त्याखालोखाल. त्यामुळे आधी कातडी झाका. सगळे एकदम जमणार नसेल तर क्रम असा धरा. पहिले, औषध ओतताना नायट्राइलचे (औषध न झिरपणाऱ्या रबराचे) हातमोजे आणि चष्मा, कारण तेव्हा औषध पाणी न घातलेले असते. ते दोन मिनिटांचे काम आहे, उकडण्याची सबब तिथे चालत नाही. दुसरे, पाठीवर प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा तुकडा. टाकीचे झाकण, वॉशर आणि पट्ट्याजवळची नळी गळते, द्रावण कमरेवरून खाली झिरपते आणि ओला कपडा दिवसभर अंगाला राहतो. मांडीच्या सांध्याची कातडी तळहातापेक्षा कितीतरी जास्त वेगाने औषध शोषते, म्हणून हे गळणे क्षुल्लक समजू नका. तिसरे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि गमबूट. पँट बुटाच्या बाहेर, आत खोचली की थेंब ओघळून बुटात साचतात. बाही हातमोजाच्या वर ठेवा. फक्त डोक्याच्या वर फवारताना उलट करा, मोजाचा काठ बाहीवर, म्हणजे हात वर केल्यावर द्रावण बाहीत शिरत नाही. मास्क घ्यायचा तो लेबलवर सांगितलेल्या प्रकारचा. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही.

उकाड्यावर खरा उपाय वेळेचा आहे. सकाळी लवकर सुरू करा आणि ऊन चढले की थांबा. घामेजलेल्या कातडीतून औषध लवकर आत जाते. वारा आडवा घ्या आणि ज्या बाजूला वारा वाहतो आहे त्या बांधापासून सुरुवात करा, म्हणजे दरवेळी न फवारलेल्या ओळीत सरकाल, ओल्या झाडांत नाही. पाने हलकी हलतील एवढा वारा चांगला. संध्याकाळी अगदी पडलेला वारा बरा वाटतो, पण तेव्हा बारीक तुषार जमिनीलगत धुक्यासारखे तरंगत राहतात आणि मग कुठेही जातात.

मालक म्हणून तुमच्यावरही जबाबदारी आहे. 1971 च्या नियमांत फवारणीच्या कामावरील माणसासाठी संरक्षक कपडे आहेत, कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आहे आणि ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातली औषधे हाताळणाऱ्याची रक्तातील कोलिनेस्टरेजची (ही औषधे शरीरातले जे एन्झाइम दाबतात त्याची) तपासणी दर महिन्याला करायची आहे. ही तपासणी गावात कोणी करत नाही हे खरे. पण हंगामापूर्वी एकदा करून आकडा लिहून ठेवलात तर पुढे शंका आल्यावर डॉक्टरांना तुलना करता येते. आणि एकाच मजुराला रोज फवारणीवर पाठवू नका. या औषधांचा परिणाम दिवसागणिक साठत जातो. आठव्या दिवशी चक्कर येऊन पडलेला माणूस त्या एका दिवसाच्या फवाऱ्याने पडलेला नसतो.

प्रश्न : घरच्या ज्वारी-गव्हाच्या कणगीत टाकायला ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हव्या होत्या. ओळखीचा म्हणतो आणून देतो. टाकाव्यात का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : नाही. घरात तर अजिबातच नाही.

हे औषध आपल्याकडे खरोखर माणसावर मर्यादा असलेले औषध आहे. शासकीय यंत्रणा, गोदामे आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोलवाले यांच्यापुरतीच त्याची विक्री आहे. धुरीकरणाचा परवाना मागणाऱ्याला कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी लागते आणि म्हैसूर, हापूर किंवा हैदराबाद येथील ठरवून दिलेल्या संस्थेचे किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण लागते. तुमचा ओळखीचा यात बसत नसेल तर त्याचे आणणेही बेकायदा आहे.

कारण असे : 3 ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने विरघळत जाऊन सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो, भिंतीच्या फटीतून आणि दाराखालून शेजारच्या खोलीत जातो. कधी लसणासारखा, कधी कुजक्या माशासारखा वास येतो, पण शुद्ध वायूला वास जवळजवळ नसतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असे धरू नये. यावर उतारा नाही. कापडी किंवा साधा मास्क अडवत नाही. रात्री गोळ्या टाकून त्याच घरात झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा घटना घडलेल्या आहेत.

धान्य कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्ट असा मोडला पाहिजे. गार झाल्यावरच, हवाबंद पत्र्याच्या कोठीत किंवा हवाबंद पिशवीत काठोकाठ भरा. आत हवा कमी राहिली की भुंगेरा तग धरत नाही. कोठी आधी रिकामी करून फटींतले जुने दाणे काढा, कीड बहुतेक वेळा तिथूनच येते.

प्रश्न : बाटलीवर निळा त्रिकोण असलेले औषध असेल तर अंगावर साधने नको, असे म्हणतात. खरे का? (एक वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : खरे नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम एकदम पोटात किंवा कातडीतून गेल्यास किती विषारी, एवढेच सांगतो. लाल म्हणजे तोंडावाटे किलो वजनामागे 50 मिलीग्रॅमपर्यंतच प्राणघातक, पिवळा 51 ते 500, निळा 501 ते 5000, हिरवा त्यावर. डोळ्यांची जळजळ, रोज थोडे थोडे जाणारे औषध किंवा मधमाश्यांवरचा परिणाम त्या रंगात नाही. शिवाय निळ्या औषधाच्या तीन बाटल्या, वरून विद्राव्य खत आणि टॉनिक असा घोळ एकाच पंपात केला की त्याचा रंग कोणता, हे कोणीच सांगू शकत नाही. एकाच गटातली दोन औषधे एकत्र आली तर शरीरात त्यांची बेरीज होते.

प्रश्न : फवारून आल्यावर माणसाला गरगरले, उलटी झाली तर घरी काय करावे? ताक-तूप पाजावे का? (तीन वाचक)

उत्तर : तोंडाने काहीही पाजू नका. ताक नको, दूध नको, तूप-तेल तर नकोच, काही औषधे स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त शोषली जातात. उलटी मुद्दाम काढू नका, द्रावणातील तेलकट भाग फुफ्फुसात जाऊ शकतो.

माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. सगळे कपडे उतरवा, करदोटा आणि पट्टासुद्धा, आणि साबण लावून भरपूर पाण्याने किमान 15 मिनिटे धुवा. केस, कानामागे, नखे, मांड्यांचे सांधे सोडू नका. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. बेशुद्ध असेल तर कुशीवर ठेवा. 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

लक्षणे पाहा आणि डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, मांस फडफडणे, छातीत घरघर : हा नमुना ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेटचा. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर जोडीला प्रालिडॉक्झिम. चेहऱ्यावर मुंग्या आणि आग हा सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा नमुना, त्याला असा उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार होतात. म्हणूनच रिकामी का होईना, बाटली किंवा तिचे लेबल पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचे. मिश्रण केले असेल तर सगळ्या बाटल्यांची. 'फवारणी केली' एवढेच सांगितल्यावर डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते.

लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. फवारून आलेला माणूस जेवून लवकर झोपला तर रात्री एकदा उठवून पाहा, हाक दिल्यावर नीट बोलतो का, अंथरूण घामाने भिजले आहे का, श्वास सरळ आहे का.